गाय पुन्हा केव्हा फळवावी?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात शिक्षण, लग्नातील खर्च आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह या विषयांवर दरवर्षी भाषणे होतात, व ती होणे अगत्याचेही आहे. यंदा चिटणीसांनी बोलावयास सांगितले तेव्हा आम्हीही वसतिगृहावरच बोलू, अशी त्यांची समजूत होती. आम्ही गोठ्यावर बोलण्याची परवानगी मागितली. हे ऐकून काही तरुण मंडळी गालात हसली, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. परंतु माण, आटपाडी, सांगोला, जत या टापूतील आपल्या पुष्कळ घरांत मुलांची फी दुधाच्या पगारातून भरली जाते. गाय वेळेवर गाभण राहिली नाही की पगार थांबतो. आणि पगार थांबला की वसतिगृहातला मुलगा सुट्टीला म्हणून घरी येतो तो परत जात नाही. शाळेच्या हजेरीपटावर आम्ही अशी नावे गळताना पाहिली आहेत. तेव्हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

प्रश्न साधा दिसतो. गाय व्याली, आता तिला पुन्हा केव्हा भरवावी? याचे उत्तर घरोघर निराळे मिळते. कोणी म्हणतो, पहिला माज दिसला की भरवून टाकावी, वेळ कशाला दवडावा? कोणी म्हणतो, दूध चालू आहे तोवर राहू द्या, आटली की पाहू. दोन्ही उत्तरे नुकसानीची आहेत. आणि त्या नुकसानीचा मोठा वाटा ज्या जनावराच्या माथी येतो, ते म्हणजे पहिल्या वेताची गाय, जिला आपण पहिलारू म्हणतो. आमचे आजचे सांगणे मुख्यत्वे तिच्याविषयी आहे.

प्रथम हिशेब पाहू. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. वर्षाचे दिवस ३६५. वजाबाकी केली की ८५ उरतात. वर्षाला एक वेत हवे असेल तर व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आत गाय गाभण राहिली पाहिजे. नुसती भरविली एवढ्याने भागत नाही, गाभ धरला पाहिजे. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा असल्यामुळे तिच्या वाट्याला ५५ दिवसच उरतात. म्हणून म्हशीकडून दर वर्षाला वेत मागणे हा तिच्यावर अन्याय होतो. तिचे वेत तेरा-चौदा महिन्यांनी आले तरी मालकाने समाधान मानावे.

आता हे ८५ दिवस सगळेच आपल्या हातचे आहेत काय? नाहीत. त्यांतील पहिले ४०-४५ दिवस गाईच्या गर्भाशयाचे आहेत. वासरू बाहेर पडल्यानंतर पोत्यासारखी झालेली ती पिशवी आकसून पूर्ववत व्हावयाची असते, आतील जखम भरून यावयाची असते. या काळात दोन-तीन आठवडे तांबूस स्राव जातो; तो स्वाभाविक आहे. त्याला दुर्गंधी आली, पू दिसला, तर मात्र पशुवैद्यांना बोलावण्यास एक दिवसही लावू नये. जार साधारणतः आठ ते बारा तासांत पडतो. बारा तास उलटून गेले तर त्याला दगड किंवा जुने पायताण बांधून ठेवण्याची, अथवा घरच्याच कोणी हात घालून ओढण्याची जी रीत अजून काही घरांत दिसते, ती सोडून दिली पाहिजे. तिसऱ्या महिन्यात गाय पुनःपुन्हा उलटू लागली की आपण रेतन करणाऱ्याला बोल लावतो. पुष्कळदा तो दोष व्यायच्या रात्रीचा असतो.

चांगल्या खाणाऱ्या दुभत्या गाईला महिना-सव्वा महिन्यात पहिला माज येऊन जातो. तो लिहून ठेवावा, परंतु त्या माजावर गाय भरवू नये. पिशवी तयार झालेली नसते. पुढला माज सुमारे २१ दिवसांनी येतो. साठाव्या दिवसापासून भरविण्यास हरकत नाही. आता पाहा, ६० पासून ८५ पर्यंत दिवस उरले पंचवीस, आणि पंचवीस दिवसांत माज येतो एकदा, फार तर दोनदा. एक माज नजरेतून निसटला की तीन आठवडे गेले. तीन आठवड्यांचे दूध जाते असे कोणी समजू नये, कारण दूध त्या वेळी चालूच असते. ते जाते पुढच्या वर्षी, भाकडकाळ लांबतो तेव्हा. म्हणूनच हे नुकसान कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

येथे पंचांगाची एक गंमत सांगण्याचा मोह होतो. २१ दिवस म्हणजे नेमके तीन आठवडे, आणि २८० दिवस म्हणजे नेमके चाळीस आठवडे. सोमवारी माजावर आलेली गाय गाभण राहिली नाही तर तिसऱ्या सोमवारच्या आगेमागे पुन्हा माजावर येते. आणि गाभण राहिली तर चाळिसाव्या सोमवारच्या आगेमागे विते. आमच्या भागातील बायका गुरांच्या तारखा बाजाराच्या वारावरून सांगतात. त्यांचा हिशेब कच्चा नाही. भिंतीवर कालनिर्णय असतेच. त्याच्यावर पेन्सिलीने एक फुली मारली आणि पुढल्या तिसऱ्या आठवड्याच्या त्याच वाराभोवती कोंडाळे केले, की अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम डोळ्यांचे. पूर्वी गावचा वळू असे. माज केव्हा आला हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. भारतात कृत्रिम रेतन प्रथम झाले ते १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत. पुढे १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे भारतीय कृषी-उद्योग प्रतिष्ठानाची स्थापना केली आणि ही सोय शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याचे मोठे कार्य त्या संस्थेने केले. उत्तम वळूचे बीज गरिबाच्या गोठ्यात आले, हा लाभ थोर आहे. परंतु त्याबरोबर वळूचे काम माणसाच्या गळ्यात पडले, हे आपण ध्यानात घेतले नाही. रेतनाच्या नळीला डोळे नसतात. माज ओळखून निरोप पाठवावयाचा तो घरच्यांनी, आणि घरच्यांनी म्हणजे बहुधा पहाटे शेणघाण काढणाऱ्या सुनेने किंवा लेकीने. तिने सांगितले आणि पुरुषमाणसाने 'संध्याकाळी पाहू' म्हणून टाळले, असे जेथे घडते तेथे गाय दोषी नसते.

खूण कोणती, तेही सांगतो. गाय हंबरते, वैरण सोडते, दूध कमी देते, वारंवार लघवी करते, योनीतून काचेसारखा स्वच्छ चिकट सोट लोंबतो. परंतु खरी खूण एकच: दुसऱ्या जनावराने अंगावर उडी घेतली असता जी न हलता उभी राहते, ती माजावर आहे. दाव्याला एकटी बांधलेली गाय ही खूण दाखवील कशी? तिला पहाटे आणि दिवेलागणीला अर्धा-अर्धा तास मोकळी सोडावी. गाईचा माज बारा ते अठरा तास टिकतो आणि तो सरल्यानंतर दहा-बारा तासांनी बीज सुटते. म्हणून सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी, आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी. एखाद्या वेळी माजाचा पत्ता लागत नाही आणि शेपटीला थोडे रक्त लागलेले दिसते, विशेषतः कालवडींत. त्याचा अर्थ माज एक-दोन दिवसांपूर्वी होऊन गेला. त्या दिवशी धावाधाव करण्यात अर्थ नाही. तारीख लिहावी आणि अठराव्या दिवसापासून पाळत ठेवावी.

एवढे सर्व केले तरी ज्या गाईला माजच येत नाही तिचे काय? आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो.

गाईचे शरीर मिळालेले अन्न कोणत्या क्रमाने खर्च करते, हे पाहण्यासारखे आहे. आधी स्वतःचा जीव जगविणे. नंतर अंगाची वाढ राहिली असेल तर ती. नंतर वासराचे दूध. आणि या साऱ्यांतून उरले तर पुढचा गाभ. आपल्या घरातही असेच असते. आधी ज्वारीचे पोते, मग मुलाची फी, मग सोसायटीचा हप्ता. आणि उरले तर जत्रा. पैसा कमी पडला की प्रथम जत्रा रद्द होते. अन्न कमी पडले की गाईचा माज रद्द होतो. मोठ्या गाईची वाढ संपलेली असल्यामुळे तिच्या खर्चाचे एक कलम कमी असते. पहिलारूचे ते कलम चालूच असते. शिवाय ती दोन दाती किंवा चार दाती असते. दुधाचे दात पडून नवे येत असतात आणि नेमक्या त्याच वेळी कडबा फोडून खाण्याची तिच्यावर पाळी येते. दावणीत थोरल्या गाई शेजारी असल्या तर त्या शिंगाने तिला गव्हाणीपासून हटवितात, ते वेगळेच. जिला सर्वांत अधिक लागते, तिला सर्वांत कमी मिळते.

अमेरिकेत मांसासाठी गाईंचे मोठे कळप पाळतात. तो उद्देश आपला नाही व त्याची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु तेथील गाईचे वासरू तिच्याच अंगावर पिऊन वाढते आणि वर्षातील ठरावीक काळातच कळपात वळू सोडतात, त्यामुळे कोणती गाय केव्हा माजावर आली याचा तेथे काटेकोर अभ्यास झालेला आहे. तेथील अनुभव असा की, अंगाने चांगली असलेली प्रौढ गाय व्याल्यापासून पन्नास-साठ दिवसांत माजाला येते. पहिलारूला ऐंशी ते शंभर दिवस लागतात. यावर त्यांनी काढलेली युक्ती मोठी शहाणपणाची आहे. ते कालवडींना मोठ्या गाईंच्या तीन आठवडे आधी फळवितात. कालवडी आधी वितात, आणि सावरण्यास लागणारे जादा दिवस त्यांना आयते मिळतात. पुढल्या वर्षी त्या थोरल्यांच्या बरोबर येतात. दुर्बलाला लवकर निघू दिले म्हणजे तो मुक्कामाला वेळेवर पोचतो, हे आषाढी वारीला जाणाऱ्या आपल्या मंडळींना निराळे समजावून सांगावयास नको.

आता कोणी म्हणेल, आमच्या गोठ्यात त्या कळपांचे काय? आहे. आपली खिल्लार गाय बव्हंशी दुधासाठी पाळलेली नाही, खोंडासाठी पाळलेली आहे. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खोंडाला चांगली किंमत यावी म्हणून आपण त्याला आईचे सगळे दूध पाजतो. म्हणजे खिल्लार गाईची अवस्था त्या परदेशी गाईसारखीच आहे: दिवसभर वासरू आचळाला. वासरू सतत पीत राहिले की आईचा माज लांबतो, ही गोष्ट आता निश्चित झालेली आहे. खोंड उपाशी ठेवावा असे आमचे म्हणणे नाही. दीड महिन्यानंतर त्याला आईपासून वेगळे बांधावे, सकाळ-संध्याकाळ पोटभर पिऊ द्यावे, आणि मधल्या वेळी कोवळी वैरण व भरडा तोंडाला लावावा. खोंडाचे नुकसान होत नाही. आमच्या भागातील खिल्लार गाई दोन वेतांत दीड-दोन वर्षे घालवितात याचे खापर आपण जातीवर फोडतो. जात चांगली आहे. दावे आणि गव्हाण यांची व्यवस्था सुधारावयास हवी.

संकरित गाईची तऱ्हा निराळी. तिचे वासरू वेगळेच असते, परंतु दूध इतके असते की पहिले दोन महिने ती खाते त्याहून अधिक देते आणि अंगावरची चरबी वितळवून तूट भरून काढते. चरबीच नसेल तर तूट भरावयाची कशातून?

याबाबत आमच्या माहितीतील एका घरची हकीकत सांगतो. घरात विधवा आई आणि शिकणारा मुलगा. पतसंस्थेचे कर्ज काढून एक संकरित कालवड घेतली. बारा-तेरा महिन्यांची होताच ती माजावर आली. हप्ते सुरू झाले होते, म्हणून शेजाऱ्यांच्या सल्ल्याने लगेच भरविली. बावीस महिन्यांची असताना व्याली, वासरू अडले, चौघांनी ओढून काढले. वासरू जगले, पण गाय वाळली. पेंडीचे भाव चढले होते, तेव्हा आंबोण निम्म्यावर आणले. दूध जेमतेम, आणि आठ महिने माजाचा मागमूस नाही. 'वांझ निघाली' असे ठरले आणि एका व्यापाऱ्याला ती पडत्या किमतीत दिली. त्याच्याकडून ती शेजारच्या गावच्या एका गृहस्थांनी घेतली. त्यांनी लसूणघास, मका, थोडी सरकीपेंड आणि खनिज मिश्रण यांवर तिला ठेविले, आणि तिसऱ्या महिन्यात ती माजावर येऊन गाभण राहिली. पुढच्या वर्षी त्या गाईचे दूध त्याच संकलन केंद्रावर येऊ लागले, जेथे या मायलेकरांची किटली रिकामी झाली होती. त्या माउलीने आम्हांस विचारले, "मास्तर, गाय तीच; मग आमच्याच दारी वांझ कशी झाली?"

ती वांझ नव्हती, उपाशी होती. आणि उपाशी ठेवणारे घर दुष्ट नव्हते, स्वतःच ओढगस्तीत होते. अशी घरे आपल्या ज्ञातीत एक-दोन नाहीत. त्यांना गाय घेण्यास कर्ज मिळते. गाय दोन महिने अधिक पोसण्यास मिळत नाही. आमची कार्यकारी मंडळाला विनंती आहे की, संस्थेच्या निधीतून गाय घेण्यासाठी जे साहाय्य आपण देतो त्यातील काही भाग कालवड व्यायच्या आधीच्या दोन महिन्यांच्या खुराकासाठी राखून ठेवावा. पैसा रोख न देता पेंडीच्या व खनिज मिश्रणाच्या रूपाने दिला तर अधिक बरे.

व्यायच्या आधीचे दोन महिने असे आम्ही मुद्दाम म्हणतो. गर्भाची बहुतेक वाढ या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होते. या काळात पहिलारूला रोजच्या वैरणीखेरीज दीड-दोन किलो आंबोण आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण मिळाले पाहिजे. व्याल्यानंतर खाऊ घालून ही उणीव भरून निघत नाही असे नाही, परंतु ते फार महाग पडते, कारण तेव्हा घातलेले बहुतेक अन्न दुधात निघून जाते. व्यायच्या वेळी गाय कशी दिसावी? लांबून पाहता शेवटच्या एक-दोन बरगड्या पुसट दिसाव्यात, पुठ्ठ्याची हाडे गोलसर असावीत. साऱ्या बरगड्या मोजता येत असतील तर ती गाय वेळेवर माजावर येणार नाही, हे आजच लिहून ठेवावे. उलट अंगाने फार थुलथुलीत झालेली गाय व्यायला अडते आणि व्याल्यावर खाणे टाकते, तेही नको.

आपल्यात मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना विश्रांती, हे सारे आपण का करतो? पुढल्या बाळंतपणांत ते होईल न होईल, पण पहिले सांभाळले पाहिजे, हे आपल्या आज्या जाणत होत्या. (पहिल्या व दुसऱ्या मुलात तीन वर्षांचे अंतर असावे, हे मात्र काही आज्या जाणत नव्हत्या आणि अजूनही काही जाणत नाहीत, पण तो आजचा विषय नाही.) कालवडीला माहेर नाही. ज्या गोठ्यात ती व्याली तोच तिचा सगळा आसरा.

कालवड पहिल्यांदा केव्हा भरवावी, हा प्रश्न येथेच सुटतो. वय पाहू नये, वजन पाहावे. प्रौढ झाल्यावर जे वजन होईल त्याच्या शेकडा ६० ते ६५ वजन भरले म्हणजे कालवड भरविण्यायोग्य झाली. संकरित कालवडीत हे साधारणतः २५० किलोच्या पुढे येते, आणि नीट खाऊ घातली तर पंधरा ते अठरा महिन्यांत येते. खिल्लार कालवड उशिरा भरते; तिला दोष देऊ नये, पण वैरणीअभावी तिचे पहिले वेत चार वर्षांच्या पुढे जाऊ देणे हेही भूषण नव्हे. वजनाचा काटा गोठ्यात कोठून आणावा, असे कोणी विचारील. काटा नको, शिंप्याची फीत पुरे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत घ्यावा. खांद्याच्या टोकापासून मागल्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी इंचांत घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. येणारे उत्तर किलोत अदमासे वजन होय. समजा, घेर ५८ इंच आणि लांबी ५० इंच. ५८ चा वर्ग ३३६४. गुणिले ५०, म्हणजे १,६८,२००. भागिले ६६०, म्हणजे सुमारे २५५ किलो. आता तिची आई गोठ्यात असेल तर तिलाही फीत लावावी. तिचा घेर ६६ आणि लांबी ५६ असेल तर वजन सुमारे ३७० येते. त्याचे शेकडा ६५ म्हणजे २४०. कालवड २५५ ची आहे, तेव्हा हरकत नाही. हे गणित सातवीच्या मुलाने करण्याजोगे आहे. मुलांना ते करावयास लावावे. गणिताचा कंटाळाही जाईल. आणखी एक काळजी: लहानखुऱ्या कालवडीला थोराड जातीच्या वळूचे बीज घालू नये, वासरू अडते. रेतन करणाऱ्यास 'पहिलारू आहे' असे आधीच सांगावे.

आता ऋतूकडे वळू. आपला मुलूख परतीच्या पावसाचा. श्रावण-भाद्रपदापासून बांधावर हिरवे दिसू लागते, दिवाळीपर्यंत मका, घास बरा मिळतो, माघ-फाल्गुनात शाळूचा कडबा घरी येतो; आणि चैत्रापासून मृगापर्यंत जनावर तग धरते एवढेच. गाय फाल्गुन-चैत्रात व्याली तर तिच्या दुधाचा भर आणि वैरणीची ओहोटी एकाच वेळी येते, वर ऊन. तिचा माज पावसाळ्यापर्यंत लांबलाच म्हणून समजावे. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या दुष्काळात छावणीत व्यालेल्या गाईंचे असेच झाले, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगले आहे. उलट गाय ऑगस्ट-सप्टेंबरात व्याली तर तिचा साठावा ते नव्वदावा दिवस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. तेव्हा वैरण असते आणि गारवाही असतो. त्यासाठी तिला नोव्हेंबरात किंवा डिसेंबरच्या आरंभी भरविली पाहिजे: १ नोव्हेंबरला भरविलेली गाय ८ ऑगस्टच्या सुमारास विते, १ डिसेंबरला भरविलेली ७ सप्टेंबरच्या सुमारास. पहिलारूसाठी यातला आधीचा महिना धरावा, म्हणजे तिला सावरण्यास दिवस मिळतात. ज्यांच्याकडे चार-सहा गाई असून दूध बारमाही घालावयाचे आहे त्यांना हे सर्व गाईंबाबत जमणार नाही. त्यांनी निदान कालवडींबाबत तरी जमवावे.

पहिलारू व्याल्यावर तिला केव्हा भरवावी, याचे आमचे उत्तर असे: साठ दिवस हा मोठ्या गाईचा नियम तिला लावू नये. ऐंशी-नव्वद दिवसांपर्यंत थांबले तरी चालते, तेरा-चौदा महिन्यांचे वेत तिच्यासाठी चांगलेच मानावे. परंतु थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. साठ दिवस झाले आणि एकही माज दिसला नाही, तर पशुवैद्यांकडून पिशवी तपासून घ्यावी. माज येऊन गेला व आपल्याला कळला नाही, की आलाच नाही, हे त्यांना हाताने तपासून सांगता येते, आणि दोहोंचे उपाय वेगळे आहेत. माजाची इंजेक्शने मिळतात, ती काही गाईंना लागूही पडतात. पण अंगात काही नसलेल्या गाईला इंजेक्शनाने आणलेला माज पुष्कळदा गाभाविनाच जातो. आधी गव्हाण, मग सुई.

भाषण येथे संपले होते. नंतर मंडळींनी प्रश्न विचारले, त्यांतील दोन-तीन येथे देतो.

एका भगिनीने विचारले की, गाय किती वेळा उलटली म्हणजे विकावी? तीन वेळा वेळेवर भरवूनही उलटली तर प्रथम तपासणी व औषधोपचार करावा. सोट गढूळ असेल तर पिशवीत विकार आहे, तो बरा होण्यासारखा असतो. आणि पहिलारू असेल तर दोन महिने पोटभर खाऊ घातल्याशिवाय तिच्यावर वांझपणाचा शिक्का मारू नये.

म्हशीविषयी एका तरुणाने विचारले. म्हशीचा माज मुका असतो. ती हंबरत नाही, अंगावर उड्याही क्वचित घेते, आणि माज पुष्कळदा रात्री येतो. उन्हाळ्यात तर तो दिसतच नाही. तिला दुपारी सावली व अंगावर पाणी द्यावे, आणि निजावयास जाण्यापूर्वी व पहाटे उठल्यावर एकदा गोठ्यात जाऊन सोट पाहावा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे महिने तिच्यासाठी उत्तम. ते वाया घालविले तर पुढचे वर्ष बहुधा वाया जाते.

शेवटचा प्रश्न असा होता की, भरविल्यानंतर माज आला नाही म्हणजे गाय गाभण आहे असे धरून चालावे काय? धरू नये. खंगलेली गाय गाभण नसतानाही माज दाखवीत नाही. साठ ते नव्वद दिवसांच्या दरम्यान पशुवैद्यांकडून गाभ तपासून घ्यावा. गाभण ठरली तर भरविल्याच्या तारखेपासून २२० दिवस मोजून त्या दिवसावर कालनिर्णयात खूण करावी. त्या दिवशी धार बंद करून गाय आटवावयाची, आणि ती आटल्यानंतर तिच्या गव्हाणीत आंबोणाचे ते दीड-दोन किलो सुरू करावयाचे.